सोबतीला जाणाऱ्या कमलकाकू

कमलकाकू कोणाच्याही घरी आल्या की उंबऱ्यावरच विचारत, "घरचे सगळे आले का?" एखादं माणूस यायचं राहिलं असलं तरी त्या आत येत, चहा घेत, पण लक्ष सारं रस्त्याकडे. ते माणूस दारात दिसलं की मगच त्यांची पाठ भिंतीला टेके. अल्लीपुरात लोक त्यांच्या या काळजीला हसत. मीही हसले होते.

नवऱ्याच्या शाळेतल्या नोकरीमुळे आम्ही नागपूर सोडून इथे आलो, तेव्हा माझ्या ओळखीचं गावात कुणी नव्हतं. काकूंची भाजीची वाडी आमच्या घरामागेच होती. एका सकाळी वांगी आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन त्या आल्या. म्हणाल्या, "मंगळवारी देवळात येजो. आमचं मंडळ भरते."

"मी तिथे काय करू?"

"बसजो. घरात एकटी बसून काय करून राह्यली?"

मंडळाचं काम एकच होतं. गावातल्या कुठल्याही बाईला दवाखान्यात न्यायची वेळ आली की मंडळातल्या दोघी तिच्यासोबत जायच्या आणि ती घरी परत येईपर्यंत तिला एकटं सोडायचं नाही. काकूंची धाकटी बहीण बाळंतपणात दवाखान्यातच वारली, तेव्हा तिच्याजवळ बाईमाणूस कुणीच नव्हतं. पुरुष बाहेर उभे होते. त्याबद्दल काकू एवढंच म्हणत, "तिनं आवाज दिला असन. कोणाले?"

इतकी भित्री बाई असलं काम कशी करते, याचं मला नवल वाटे. एकदा विचारलंच. त्या शेंगा तोडत होत्या. "भेव लागते म्हून तं जाते," त्या म्हणाल्या. "घरी बसलं का आणखी लागते."

श्रावणातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या रेखाचे दिवस भरले होते. गावातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि बीपी फार वाढलंय, ताबडतोब हिंगणघाटला न्या, म्हणून सांगितलं. वरती कुठेतरी मोठा पाऊस झाला होता. रुग्णवाहिका नाल्याच्या पलीकडे अडकली होती, म्हणून गावातलीच जीप काढली. पुढे तिचे सासरे वासुदेवराव आणि नवरा, मागे रेखा, काकू आणि मी.

नाल्यापाशी आलो तर पुलावरून पाणी चाललेलं. गढूळ, वेगाचं. कठड्याचे दगड तेवढे वर दिसत होते. जीपवाला म्हणाला, "निघते गाडी. गुडघाभर तं हाय." वासुदेवराव म्हणाले, "घे."

काकू पुढे वाकल्या आणि त्यांनी किल्ली फिरवून काढून घेतली. मला ते कळायच्या आत ती त्यांनी कमरेला खोचलीही होती.

"वहिनी, किल्ली द्या." वासुदेवराव मागे वळले.

"पाणी उतरू द्या, भाऊजी."

"अन् पोरीले इथंच काही झालं तं?"

"तं मी जबाबदार."

"तुमच्या जबाबदारीचं काय करू मी?" वासुदेवरावांचा आवाज फाटला. "तुमाले भेव लागते म्हून माही सून मारता का?"

रेखाचा चेहरा सुजला होता, कपाळ गरम लागत होतं. तिला कळ आली की ती माझं मनगट आवळायची. तिचा नवरा खाली उतरून पाण्यापर्यंत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. काकूंनी तिचा दुसरा हात धरला होता आणि शांत आवाजात म्हणत होत्या, "श्वास घे, माय. आम्ही इथंच हाओ." मध्येच माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "माहे पाय कापून राह्यले. तू माह्याकडे पाहू नको. तिच्याकडे पाह्य."

दुपार कलली तेव्हा पाणी ओसरायला लागलं. पुलाची कड दिसली तशी काकूंनी किल्ली जीपवाल्याच्या हातात दिली. पलीकडे रुग्णवाहिका थांबलीच होती. हिंगणघाटला मुलगी जन्मली, पण रडली नाही. बरेच दिवस ती काचेच्या पेटीत होती. रेखाला झटके आले. त्या दिवसांत काकू दवाखान्याच्या वऱ्हांड्यातच राहिल्या. वासुदेवराव समोरून जात, पण बोलत नसत.

दोघी वाचल्या. पण मूल चालायला फार उशिरा लागलं. त्याचं कारण तो उशीर की आणखी काही, ते कुणालाच नक्की सांगता आलं नाही. वासुदेवरावांच्या घराने काकूंशी बोलणं टाकलं. एकदा वाडीत पाणी देताना काकू आपणहून म्हणाल्या, "गाडी निघालीही असती, सुनबाई. वाहूनही गेली असती. मले अजून समजलं नाई." त्या मंगळवारी मात्र त्या नेहमीसारख्या देवळात होत्या.

गेल्या हिवाळ्यात कमलकाकू वाडीतच गेल्या. सकाळी पालक कापायला गेल्या आणि तिथेच बसल्या जागी कलंडल्या. जवळ कुणी नव्हतं. मी घरातच होते, भिंतीच्या अलीकडे. ते मला अजून सोसत नाही.

पुढच्या मंगळवारी आम्ही देवळात जमलो. तेवढ्यात वासुदेवराव आले. मागे रेखा, तिचं बोट धरून मुलगी, पाय जरा ओढत चालणारी. आम्ही सरकून जागा केली. ते बसले नाहीत.

"माहं म्हणणं आजही तेच हाय," ते म्हणाले. "गाडी निघाली असती." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "पण वहिनीनं रेखाचा हात सोडला नाई. हिचा नवरा फिरत होता, मी भांडत होतो. तिनं सोडला नाई." त्यांनी रेखाला पुढे केलं. "हिले तुमच्यात यायचं हाय म्हणते. घ्या."

रेखा माझ्याजवळ येऊन बसली. वासुदेवरावांनी नातीला उचलून कडेवर घेतलं आणि ते घराकडे निघाले.