हरणी आणि पेटीतली साडी

जुळे सोलापुरातून निघताना बायकोनं हातात स्टीलची किटली दिली. "महादेवभावजींकडे निघालाच आहात, तर गाईचं ताजं दूध आणा." महादेव माझा शाळेतला मित्र. मोहोळच्या पुढं वस्तीवर राहतो, पदरी दोन गाई. मोहोळला एसटीतून उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं भलत्याच बांधावर सोडलं, म्हणून चिखल तुडवत गोठा गाठला.

गोठ्यातून हिरव्या भरजरी साडीतली, झुपकेदार मिशांची बाई बाहेर आली. मी दोन पावलं मागं सरलो. तो महादेव होता!

"बघतूस काय? ये की आत."

आत वहिनी बसलेल्या, मनगट मोडून हात प्लॅस्टरमध्ये. त्यांची हरणी गाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू देत नव्हती, आणि नेमकी तिला दगडी झालेली (कास सुजून कडक होण्याचा आजार). डॉक्टर औषध देऊन बजावून गेले होते : कास वरचेवर रिकामी करा, नाहीतर एक सड, म्हणजे आचळ, कायमचा जाईल. म्हणून हरणीला फसवायला महादेव बायकोची साडी नेसून बसला होता.

"बायकू आजारी पडली न्हायतर म्हायेरी गेली की आमच्यात असंच करत्यात," तो म्हणाला. हा थट्टा करतोय की काय, मला काही कळेना.

तो धारेला बसला. हरणीनं लाथ झाडली, बादली माझ्या पायाशी आली. पुन्हा बसला, पुन्हा लाथ. वहिनींना रडू फुटलं. "सड गेला तर दूध घटंल, भावजी. लई जीव लावलाय हो हिला." मी किटली धरून उगाच उभा. फार वाईट वाटत होतं.

एकाएकी वहिनींनी साडी निरखली. "अवो, ही पेटीतली व्हय? डांबरगोळीच्या वासाची! तिला मी कशी वळकू येणार? माझी कालची नेसा की, न धुतलेली!"

"म्हणलं, चांगली नेसावी," महादेव पुटपुटला.

शेणापेंडीच्या वासाची जुनी साडी आली, ती नेसून महादेव पुन्हा बसला. हरणीनं पदर बराच वेळ हुंगला आणि शांत उभी राहिली. आधी दुधाच्या गाठी पडल्या, मग धार लागली. मी खुशीत किटली पुढं केली.

"हे टाकायचं, भावजी. औषध हाय त्यात. डेअरीलाबी चालत न्हाय."

सगळं दूध खड्ड्यात गेलं, आणि ते दोघं डोळे पुसत हसत होते. मी पार गोंधळलो. दुसऱ्या गाईचं दूध सकाळीच डेअरीला गेलेलं.

घरी पोहोचतोय तोच महादेवचा फोन. सड मऊ पडला होता, डॉक्टर म्हणाले वाचला. मी दारातच मोठ्यानं हसलो.

बायकोनं किटली उघडून पाहिली. "थेंब नाही दुधाचा. आणि हसताय कसले?"

शर्टाला हरणीचा वास येत होता. शर्ट धुवायला टाकण्यासाठी तिनं हात पुढं केला.

"राहू दे आजच्या दिवस," मी म्हणालो.