म्हातारीला ऐकवलेला सिद्धांत
मोहफुलांचा वास आला की कुरखेड्याजवळच्या जंगलातल्या गावातला, एकोणीसशे पंचावन्नच्या सुमाराचा आमचा मुक्काम आठवतो. पीएच.डी.ला नुकतेच लागलेले आम्ही दोघे, मी आणि माझी सहाध्यायी, आधीच्या संशोधनाचा आढावा आमच्या मार्गदर्शक सरांना वाचून दाखवत होतो. मी वीस ग्रंथांचे सिद्धांत सुबक अक्षरात उतरवले होते. तिने एकच घेतला होता, जंगल तोडून, जाळून शेती करणारे आळशी असतात हा, आणि तो तशीच शेती करणाऱ्या गावातल्या एका म्हातारीला ऐकवला होता. म्हातारी म्हणाली होती, "लिवणाऱ्यानं कधी कुऱ्हाड धरली होती काय, बाई?" सर मला म्हणाले, "तू नुसते उतरवलेस, हिने तपासून पाहिला." माझा जळफळाट झाला. ती पाणी आणायला गेल्यावर मी म्हणालो, "सर, म्हातारीला विचारायचं मीच सुचवलं होतं." त्यांनी विश्वास ठेवला. आज मी विद्यार्थ्यांना असंच तपासायला शिकवतो. तिचं नाव मात्र अजून घेतलेलं नाही.