उस्ताद रोज मरायचे

माझं पोस्टिंग पुण्याला आलं तेव्हा मी नाईक होतो. इंजिनिअर कंपनी, बोट सेक्शन. पहिल्याच सकाळी सव्वासहा वाजता आमचा सेक्शन कमांडर माझ्यासमोर मेला.

हवालदार दिनकर जगदाळे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. पोट जरा पुढे, मिशा त्याहून पुढे. असॉल्ट बोट नदीत उतरवण्याचा सराव चालू होता. बोट निम्म्या वाटेवर आली आणि उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "मी मेलो. आता फुडं कोन?" म्हणाले, कोरडी जागा बघून आडवे झाले आणि टोपी तोंडावर ओढली.

मी नवा. धावत गेलो. "उस्ताद, काय होतंय?"

"साळुंखे, मेलेल्याला काय इचारतोस?" टोपीखालून आवाज आला. "बोट पान्यात जायची हाय."

सरावावर देखरेख करणारा अंपायर कमांडरला 'कॅज्युअल्टी', म्हणजे मेलेला, ठरवतो आणि खालच्याला कमांड घ्यावी लागते. हे सगळीकडे चालतं. उस्ताद अंपायरची वाट बघत नसत. दोर सुटला की मरत. इंजिन बंद पडलं की मरत. एकदा तर कमांडिंग ऑफिसरसाहेब पाहणीला आले असतानाच मेले, तेही साहेबांच्या सावलीत. त्या पहिल्या दिवसानंतर मात्र मेल्यावर शब्द नाही, इशारा नाही. आम्ही इंजिन उलटं बसवत होतो तेव्हाही शेजारी पडून ते शेंगदाणे खात होते. संध्याकाळी फक्त म्हणाले, "आता जन्मात उलटं बसवनार न्हाईस."

दोन वर्षांत आमच्या सेक्शनमध्ये असा एक जवान उरला नाही ज्याला बोट सांभाळता येत नव्हती. ह्याला खासगी कंपन्यांमध्ये आता लीडरशिप डेव्हलपमेंट म्हणतात. त्यात जेवणही असतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या वस्तीत शिरलं. पाच चाळीसला ऑर्डर आली. सहा वीसला आम्ही पाण्यात होतो. पहिल्या फेरीत नऊ माणसं काढली. दुसऱ्या फेरीला रिकामी बोट घेऊन निघालो, तर उस्ताद वाटेतच मेले. आमचा जवान, सॅपर अन्सार, पुण्याचाच पोरगा. त्यानं हसत इंजिन हातात घेतलं आणि फेरी पार पाडली. म्हणजे खऱ्या कामातही उस्ताद मरतात, हे आम्ही त्या सकाळी पाहिलं होतं.

आठ वीसला रेडिओ बोलला; टायगर वन म्हणजे आमची बोट. "टायगर वन, नारायण पेठेच्या खालच्या अंगाला दोन मजली घर. दोन वयस्कर सिव्हिलियन. पाणी जिन्यात. ओव्हर."

"टायगर वन, विल्को, आऊट," उस्ताद म्हणाले.

घर शंभर मीटरवर असताना उस्ताद बोटीच्या तळाशी बसले, मग आडवे झाले. "साळुंखे, फुडं..." एवढंच म्हणाले.

मला राग आला. "उस्ताद, आत्ता नको! लोक अडकलेत!"

त्यांनी हात उचलला आणि घराच्या दिशेनं केला. मी इंजिन घेतलं. प्रवाह आडवा होता. मी वरून वळसा घातला आणि बोट गॅलरीला लावली. गॅलरीत आजी-आजोबा उभे. आजोबांच्या हातात छत्री, आजींच्या हातात देवांचा डबा.

"या," आजोबा म्हणाले. "घाई नव्हती. पाणी अजून गळ्यापर्यंत आलेलं नाही."

"आजोबा, आधी आजींना द्या."

अन्सारनं दोघांना उचलून आत घेतलं. आजोबा स्थिरस्थावर झाले आणि त्यांचं लक्ष खाली गेलं.

"आपल्यात साहेब कोण?"

"मी."

"आणि हे गृहस्थ?"

"ते मेलेत, आजोबा. सरावाचं मरण आहे. आम्हाला शिकवतात."

"झोपून शिकवायची सोय आमच्या शाळेत नव्हती," आजोबा म्हणाले.

अन्सार हसला. मीही हसलो. मी आज ते हसणं लपवत नाही.

आजींनी मात्र वाकून उस्तादांचा हात हातात घेतला होता. त्या मला म्हणाल्या, "अहो, हात गार पडलाय यांचा."

तेव्हा मला कळलं. सरावात मेलेले उस्ताद कधी इशारा करत नसत. आज त्यांनी हात केला होता.

इंजिन अन्सारला दिलं. काठ येईपर्यंत मी उस्तादांची छाती दाबत राहिलो. आठ एक्केचाळीसला काठ लागला. ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरांनी पाच मिनिटं प्रयत्न केले आणि घड्याळ पाहिलं. आधी आणलं असतं तर, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. तेच उत्तर माझ्याजवळ राहिलं आहे.

तेराव्यानंतर मी मांजरी गावी उस्तादांच्या घरी, वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं. ओरडलो तेही, हसलो तेही. त्यांनी उठून चहाचं आधण ठेवलं.

"घरी बी मरायचे," त्या म्हणाल्या. "गॅस संपला की मेले. पाव्हनं आलं की मेले. म्या आदी चिमटा काढायची. मग सिलिंडर बदलायची."

"माझ्या लक्षात आलं नाही, वहिनी."

"तुम्हास्नी कुनी सांगितलंच न्हवतं, भावजी. त्यांनी समदं शिकिवलं, आदी चिमटा काढायचं तेवढं ऱ्हायलं. च्या घ्या."

सुभेदार होऊन मी निवृत्त झालो. आता एका कंपनीच्या गोदामाचं काम बघतो. नव्यानं टीम लीड झालेल्या मुलामुलींचं ट्रेनिंग असतं. बाहेरून आलेले पाहुणे दोन दिवस स्लाइड दाखवतात, आणि तिसऱ्या दिवशी ट्रक लागलेले असताना, सगळ्यात जास्त गर्दीच्या वेळी, मी मरतो. मला छान जमतं. एकदा तर कॅन्टीनवाल्यानं टाळ्या वाजवल्या.

उस्तादांच्या पद्धतीत मी एकच बदल केला आहे, आणि तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगतो. परवा मनाली नावाची मुलगी होती, टीम लीड होऊन आठ दिवस झालेले. मी पडल्याबरोबर तिनं ट्रककडे पाहिलं, हातातल्या यादीकडे पाहिलं. मग यादी खाली ठेवून गुडघे टेकून माझ्याशेजारी बसली आणि माझं मनगट धरलं. ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. तिनं पूर्ण एक मिनिट मोजलं.

"सर, बहात्तर. तुम्ही ठीक आहात."

"कुणाचा नियम आहे हा, माहीत आहे?"

"नाही सर."

"सुमनवहिनींचा. हवालदार दिनकर जगदाळे यांच्या पत्नी. जा, ट्रक सोड."