लेकीला लावता येईल असं थेटर

माझ्या माहेरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हिंगोलीला रोज एसटीनं, बहुतेक वेळा उभ्यानंच जाऊन मी बी.ए. केलं. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. सासरी आल्यापासून घरात काही बिघडलं, मोबाईल असो की मोटारीचा स्टार्टर, की "तिला इचारा, ती शिकलेली हाय" असं ठरूनच गेलं. म्हणून घरात होम थिएटर आलं तेव्हा ते लेकरांना चालवता येईल असं करून देणं हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. तसं आणायचंही मीच ठरवलं होतं.

कारण माझी लेक. आठ वर्षांची. तिला कमी ऐकू येतं.

आम्हाला ते उशिरा कळलं. पाठीमागून हाक मारली की वळत नाही, एवढीच तक्रार शाळेतून आली होती. दिवाळीच्या सुट्टीत तिला नांदेडला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि सांगितलं, दोन्ही कान कमजोर आहेत, डावा जास्त. औषधानं होणारं हे काम नाही. कानाला मशीन लावा, आणि लवकर लावा. हे वय ऐकून शिकायचं आहे.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात हाय. कानात मशीन घालून गावभर हिंडवायची काय? उद्या कोण करील तिला?"

आमचे मालक म्हणाले, "बघू पुढं."

आणि मी डॉक्टरांचा कागद कपाटात ठेवून दिला. नंतर कोणी विचारलं तर मी सासूबाईंचं नाव पुढं करायचे, जुन्या वळणाच्या आहेत, ऐकत नाहीत. खरं असं होतं की लेकीच्या कानामागं ते मशीन मलाच बघवणार नव्हतं. शाळेच्या फोटोत, लग्नाकार्यात, पाव्हण्यांसमोर. मग मी मनाला समजावलं की घरातच आवाज मोठा आणि साफ करून दिला तर मशीनची एवढी घाई कशाला?

गुढीपाडव्याला सगळं घरी आलं. मोठा टीव्ही, त्याच्याखाली ठेवायची स्पीकरची लांब पट्टी, खोक्यासारखा वूफर आणि मागं लावायचे दोन बारके स्पीकर. दुकानातून पन्नाशीचे एक मिस्त्री बसवायला आले होते, चष्म्याला दोरी बांधलेले. आमच्या समोरच्या खोलीत तेव्हा हळदीचे कट्टे, भरलेली पोती, पुरुषभर उंच थप्पी लावून ठेवले होते. मिस्त्रींनी कट्ट्यांवरच मागचे स्पीकर ठेवले. सासूबाई ताट घेऊन आल्या आणि वूफरच्या जाळीला हळदकुंकू लावायला लागल्या.

"मावशी, जाळीला नका लावू. आत जाईल."

"देवाला चालतं, याला काहून चालत न्हाई?"

मिस्त्रींनी माझ्यापुढं तीन रिमोट ठेवले. "वहिनी, आधी टीव्हीचा, मग सेटटॉपच्या डब्याचा, मग थिएटरचा. त्याच्यात सोर्स बदलायचा. तुमी शिकलेल्या हायत, तुमाला काय सांगायचं."

"मला सोपं नको," मी म्हणाले, "लेकराला सोपं पाहिजे."

मी औंढ्याला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. सकाळच्या गाडीनं जाते, संध्याकाळी येते. मालक शेतात. सासूबाई टीव्हीच्या बटणाला हात लावत नाहीत. लेक शाळेतून आली की तिला एकटीला ते सुरू करता आलं पाहिजे, नाहीतर घेऊन उपयोग काय?

मिस्त्री गेल्यावर मी आरशाच्या कडेला चिकटवलेल्या टिकल्या काढल्या. टीव्हीच्या रिमोटच्या चालू बटणाला लाल टिकली, डब्याच्या रिमोटला हिरवी, थिएटरच्या रिमोटला पिवळी. आवाज वाढवायच्या बटणाला चमकीची. दाबायची नाहीत त्यांना काळ्या. वरून सगळ्यांना प्लास्टिकची पिशवी आणि रबर. सासूबाईंनी एक रिमोट हातात घेऊन बघितला. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "रिमोटला बी सवाष्ण केलंस."

लाल, हिरवी, पिवळी. लेकीनं पहिल्या दिवशीच पाठ केलं. शेजारी, एकाच अंगणात, माझे दीर राहतात. त्यांची दोन पोरं दुपारी येऊन बसायची आणि लावायचा मान लेकीचा. संध्याकाळी मी गाडीतून उतरले की ती वेशीपर्यंत यायची आणि पिक्चरमधलं कोण काय म्हणालं ते शब्दाला शब्द सांगायची. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आमच्या हेडक्लार्क बाईंनी घरी येऊन बघायचंही ठरवलं होतं.

मेमध्ये हळद वसमतच्या बाजारात गेली. खोली रिकामी झाली, मी फरशी धुऊन घेतली, घर कसं मोकळं वाटायला लागलं. त्याच आठवड्यात लेक वेशीवर यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "आवाज येतो आई. बोलणं येत न्हाई."

मला वाटलं हिनं काळी टिकली दाबली. पुढचे तीन रविवार मी थिएटरबरोबर आलेलं माहितीचं पुस्तक घेऊन बसले. इंग्रजी मला वाचता येतं, पण त्यातले अर्धे शब्द इंग्रजीच्या पेपरात कधी आले नव्हते. जाड आवाज कमी केला, बारीक वाढवला, बोलणं साफ करायचं एक बटण होतं ते लावलं. दर वेळी लेकीला विचारायचं, आता? ती माझ्या तोंडाकडं बघून म्हणायची, "व्हय, आता बरं हाय." आणि पुन्हा पडद्याला चिकटून बसायची.

शेवटी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बटणाला हातच लावला नाही. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीमागून टाळी आल्यासारखं ऐकू आलं.

"कट्टे गेले तुमचे," ते म्हणाले. "फरशी, वर स्लॅब, कोऱ्या भिंती. खोली घुमून राहिली. कट्टे आवाज पीत होते. आपल्याला तशी तकलीफ होत न्हाई, शब्द समजतेत. पोरीला काहून होऊन राहिली?"

मी म्हणाले, "लहान आहे अजून."

बाहेरच्या माणसाला सांगायची वेळ आली की मी असंच काहीतरी बोलायचे.

त्यांनी भिंतीला जाड कापड टांगायला सांगितलं. मी पेटीतून चार वाकळा काढल्या आणि खिळे ठोकून टांगल्या. जाऊ दारातून डोकावली. बाहेर ऊन मावत नव्हतं. "काय गं, भिंतीला थंडी वाजून राहिली काय?" मी पण हसले. वाकळांनी थोडा फरक पडला, पण कट्ट्यांची सर आली नाही. आणि हळद आता पुढच्याच वर्षी निघणार होती.

पावसाळ्यात लाईटचं जाणं-येणं सुरू झालं. लाईट जाऊन आली की थिएटर आपल्या मनानं मोबाईलला जोडायच्या सोयीवर जायचं आणि पट्टीवर निळा दिवा लागायचा. एकदा तर पलीकडच्या घरात दिरांच्या मोबाईलवर लावलेलं भजन आमच्या वूफरमधून वाजायला लागलं. त्यावरून दोन दिवस हसणं चाललं. मग एका दुपारी मी ऑफिसात असताना लेकीनं सासूबाईंच्या मोबाईलवरून फोन केला.

"आई, निळा लाईट लागला."

"बरं. पिवळ्या टिकलीचा रिमोट घे. घेतला का?"

"हां."

"त्याच्यात वरून दुसरी ओळ, डावीकडचं बटण. तिथं काळी टिकली आहे. ती आज दाबायची. दोनदा. कळलं?"

"हां."

"दाबलं?"

"हां."

"आता कोणता लाईट आहे?"

"हां."

मी विचारलं, "तू जेवलीस का?"

"हां."

"कोणत्या रंगाचा फ्रॉक घातलाय?"

"हां, आई."

पलीकडं खरखर झाली आणि सासूबाईंचा आवाज आला. "अगं, तिला ऐकूच येऊन न्हाई राहिलं. नुसती मान हलवून राहिली. मी तरी काय दाबू?"

"राहू द्या आत्याबाई, मी आल्यावर बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. टेबलावर दाखल्यांचा गठ्ठा होता. त्यातला पहिला दाखला मी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा जन्मतारीख चुकली.

तरीही त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं, तर पुठ्ठ्यावर चित्रं काढली. निळा लाईट, त्याच्यापुढं बाण, बाणापुढं रिमोट, कोणतं बटण, किती वेळा. पुठ्ठा टीव्हीशेजारी टांगला. लेकीला तो दोन दिवसांत आला. आता फोनची गरज राहिली नाही. लावायला ते थिएटर एवढं सोपं झालं होतं की दिराचं धाकटं पोरगंही लावायचं. माझं काम बराबर झालं, असं मला काही दिवस वाटलंही.

पोळ्यानंतरची गोष्ट. ऑफिस अर्धा दिवस होतं, म्हणून मी दुपारच्याच गाडीनं आले. वेशीपासून आवाज येत होता. आधी मला वाटलं कुणाकडं डीजे आला. अंगणात सासूबाई मुगाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या, डोक्यावरचा पदर कानाभोवती गुंडाळलेला. दिराची पोरं नव्हती.

"पोरं कुठंयत?" मी ओरडून विचारलं.

"गेली पळून. कान फुटून राहिले म्हणे." त्यांनी दाराकडं हात केला. "चार दिवस झाले, हेच चाललंय. तुला सांगावं म्हणलं, पण तू एवढी मेहनत घेतली."

आत लेक एकटी होती. पट्टीला उजवा गाल लावून बसली होती. पट्टीवरचा आकडा वाढायचा तेवढा वाढलेला. वाकळा थरथरत होत्या. मी दोन हाका मारल्या, मग पिवळी टिकली दाबली. तेव्हा कुठं तिनं वळून बघितलं.

"काहून बंद केलं आई? आत्ता कुठं जरा जरा येऊन राहिलं होतं."

मी खाली बसले, तिच्यासमोर, तिला माझं तोंड दिसेल अशी. "तुझे भाऊ का गेले?"

"ते म्हणे आवाज मोठा हाय. मी म्हणलं, न्हाई. मग ते गेले."

मालक शेतातून आले, हातपाय धूत होते, तिथंच मी सांगितलं. "नांदेडला जायचं. मशीन लावायचं."

"माय काय म्हणल?"

"त्यांना मी सांगते."

सांगावं लागलं नाही. सासूबाई अंगणातच होत्या. "जा," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण वेणी नको घालत जाऊ तिला. केस मोकळे सोडत जा. दिसणार न्हाई."

मी म्हणाले, "व्हय." ते माझ्याही डोक्यात येऊन गेलं होतं.

नांदेडला या वेळी तपासायला एक बाई होत्या. काचेच्या खोलीत लेक कानाला हेडफोन लावून बसली. आवाज आला की हात वर करायचा. आम्ही बाहेरून बघत होतो. बराच वेळ तिचा हात मांडीवरच राहायचा. आवाज येत नव्हता की तिला येत नव्हता, ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता. मालक उठून पाण्याच्या टाकीकडं गेले ते तिथंच उभे राहिले.

मग कानात मऊ लगदा भरून त्या बाईंनी साचा घेतला. पंधरा दिवसांनी मशीन मिळेल म्हणाल्या. नवा कागद आणि दिवाळीचा जुना कागद शेजारी शेजारी ठेवून त्या बघत राहिल्या. आवाज न वाढवता त्यांनी विचारलं, "वर्ष होत आलं. तेव्हाच लावा म्हणून लिहिलेलं आहे इथं. मधे काय केलं तुम्ही?"

सासूबाईंचं नाव घ्यायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

लेक त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली होती. तिनं त्यांच्या ओठांवरून प्रश्न बराबर ओळखला.

"आमच्या घरी थेटर हाय," ती म्हणाली. "आईनं केलं. मला एकटीला लावता येतं."