डोळ्यांची जागा कोरी ठेवा

मी आजवर त्यांचा चेहरा पाहिलेला नाही. पाहिला तो फक्त हात. ते जपानमध्ये बसून दर आठवड्याला एका मासिकासाठी चित्रकथा काढायचे, आणि त्या कथेतल्या क्रेन, पाइप, पत्र्याच्या शेड मी काढायचे, अबू धाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल असे. त्यांचा कॅमेरा कायम टेबलावर रोखलेला. कागद, चहाचा पेला आणि बाहीतून पुढे आलेला उजवा हात, एवढंच दिसायचं. तिथे सगळे त्यांना सेन्सेई म्हणत, म्हणजे गुरुजी. मीही तेच म्हणू लागले.

हे काम मला मुसफ्फामुळे, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागामुळे मिळालं. नवरा तिथल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. त्याला घ्यायला गेले की तो हमखास उशीर करायचा, मग मी गाडीत बसून समोरच्या शेडची चित्रं काढत राहायचे. ती इंटरनेटवर टाकली. सेन्सेईंची कथा बंदरावरच्या एका वेल्डरची. त्यांच्या मुख्य सहायक बाईंनी ती चित्रं पाहिली आणि मला इंग्रजीत मेल पाठवला.

नवरा म्हणाला, “जपानला काय चित्रं काढणारी माणसं कमी पडली? फ्रॉड असणार. खलास कर तो मेल.”

मी हट्टी आहे. केला नाही.

पहिलंच पान आलं तेव्हा वेल्डरचा चेहरा पूर्ण होता, फक्त डोळ्यांची जागा कोरी. शेजारी निळ्या पेन्सिलीने सूचना होती, ती बाईंनी इंग्रजीत सांगितली: इथे कुणीही हात लावू नये. मुख्य पात्राचे डोळे सेन्सेई सगळ्यात शेवटी, स्वतः काढतात.

मला हे समजावून सांगायची गरज नव्हती. माझं लहानपण पेणला, काकांच्या गणपतीच्या कारखान्यात गेलं. माती, साचे, रंग, दागिने, सगळं कारागीर करत. डोळ्यांची आखणी मात्र काकांचीच. तोवर मूर्ती रांगेने तशाच बसलेल्या असत, आंधळ्या. त्या रांगेमधून एकटीने जायला मला भयंकर भीती वाटायची. पण नियम मनात पक्का बसला होता.

कॉलवर काम संपलं की सेन्सेई थोडं बोलायचे, बाई भाषांतर करायच्या. एकोणिसाव्या वर्षी ते दुसऱ्या एका चित्रकाराकडे पेन्सिलीच्या रेघा खोडायला लागले. पुढे स्वतःची कथा सुरू झाली, आणि तेव्हापासून एकही आठवडा रिकामा गेला नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी पानं पोचवून मग ते मांडवात गेले, किंवा त्यांच्याकडे जे काय असतं तिथे. हे सांगताना बाई कौतुकाने हसल्या. मला मात्र चीडच आली. माणसाला कुणी थांब म्हणणारं नसावं?

गेल्या उन्हाळ्यात काहीतरी बदलायला लागलं. वेल्डर पाठमोरा उभा राहू लागला. त्याचे हात खिशात गेले. बंदरावरची गर्दी कमी झाली, मग धुकं आलं, मग पानंच्या पानं माणसाशिवाय येऊ लागली. साहजिकच माझं काम वाढलं. नवरा खूश. आमची मुलगी चौदा वर्षांची आणि या कथेची वेडी. मी यात काम करते म्हणून शाळेत मिरवायची सोय नव्हती, करारात गुप्ततेची अट होती, पण घरात मला त्यामुळे थोडा मान होता.

“ममा, ही इज चेंजिंग हिज स्टाइल. इट्स सो डीप,” ती म्हणाली.

डीप कसलं! तिला छापलेली पानं दिसत होती, मला कच्ची. एका खांद्याची रेघ त्यांनी पुन्हा पुन्हा काढलेली असायची, आणि दर खेपेस ती मध्येच थरथरून बाहेर गेलेली. धुकं काढलं की खांदा काढावा लागत नाही, हे मला दिसत होतं. पुढे कॉलवर पेला उचलायला डावा हात येऊ लागला. उजवा कागदावर नुसता पडून असायचा. मी बाईंना विचारलं. सेन्सेई जरा दमलेत, एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटचा कॉल झाला त्या दिवशी सेन्सेई हळूहळू, बराच वेळ बोलले. कथा आता संपवायची आहे. शेवटच्या पानावर वेल्डर समुद्रकिनाऱ्यावर बसून पहिल्यांदाच थेट वाचकाकडे बघेल. “ते डोळे मला काढायचेत. मग मी थांबेन,” ते म्हणाले. माझ्याकडून त्यांना एक शांत किनारा हवा होता. त्यानंतर त्यांचा कॅमेरा सुरू झालाच नाही.

किनाऱ्यासाठी आम्ही उम्म अल कुवैनला गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूचा पट्टा दूरवर गेलेला, पाणी शिशाच्या रंगाचं, वारा पडलेला. मी फोटो काढत होते आणि मला उगाचच वाटत राहिलं की आपण कुणासाठी तरी शेवटची जागा बघायला आलोय. नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, “उगीच काहीतरी बोलू नकोस. यल्ला, बसा गाडीत.”

शेवटचं पान आलं. चेहरा होता, डोळे नव्हते. या वेळी निळी सूचनाही नव्हती. बाईंचा टाइप केलेला मजकूर होता: कृपया किनाऱ्याबरोबर डोळेही पूर्ण करावेत, मुदत वाढणार नाही. सेन्सेई कुठे आहेत, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, कथेसाठी माहिती गोळा करायला गेलेत. तिथे चित्रकार आजारी पडला की मासिकात असंच छापतात, आणि वाचकांनाही त्याचा अर्थ कळतो. पण मी वाचक नव्हते.

एका वर्षी काका ऐन हंगामात तापाने फणफणले होते. गिऱ्हाइकं दारात ताटकळत होती, तरी एकाही कारागिराने ब्रश उचलला नाही. शेवटी काकांना खुर्चीत बसवून आणलं, तेव्हा कुठे डोळे झाले. सगळीकडे असंच असतं, असं मी धरून चालले. मी किनारा काढला, पाणी काढलं, डोळ्यांची जागा कोरी ठेवली आणि लिहिलं: हे सेन्सेईंचं काम आहे, त्यांना बरं वाटेपर्यंत थांबू या.

बाईंचं लगेच उत्तर आलं. आभार मानले होते. मला हायसं वाटलं. वाटलं, थांबतील. सेन्सेई आजारी असावेत, हे तेव्हा कुठे मी मुलीला सांगितलं.

अंक ठरलेल्या दिवशीच आला. मुलगी शाळेतून आली ती बूटही न काढता वर धावली आणि तिने टॅबलेट माझ्या समोर धरला.

“ममा, लुक! ही इज ओके! नोबडी एल्स कॅन ड्रॉ दोज आइज!”

माझा किनारा होता. त्यावर वेल्डर बसला होता आणि सरळ माझ्याकडे बघत होता. डोळे अप्रतिम होते. पापणीची रेघ एका दमात ओढलेली, कुठेही न अडखळलेली, पार सुरुवातीच्या अंकांत असायची तशी. ती बघताच मला कळलं की ही त्यांची नाही. त्यांना एवढी एकच गोष्ट स्वतःच्या हाताने करायची होती. आणि पानाच्या तळाशी, जिथे समाप्त यायला हवं होतं, तिथे पुढचा भाग पुढच्या आठवड्यात, असं छापलं होतं.

मला रडू फुटलं. मुलीला वाटलं आनंदाने. तिने मला मिठी मारली.

“यू हॅव हिज ईमेल, राइट? टेल हिम आय वॉज सो स्केअर्ड. टेल हिम थँक यू.”

मी बरं म्हणाले. ती शेजारी उभी राहून सांगत गेली आणि मी टाइप करत गेले. पाठवलं. चारच मिनिटांत सेन्सेईंच्या नावाने उत्तर आलं, सफाईदार इंग्रजीत. वाचकांच्या प्रेमामुळे माझी तब्येत आता उत्तम आहे, असं त्यात लिहिलं होतं. मुलगी ते मोठ्याने वाचत होती.