पाडलेला माणूस

आई गेल्यापासून आप्पा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे कळंबलाच असतात. तरुणपणी ते फौजेत होते आणि पलटणीकडून हेवीवेट गटात मुष्टियुद्ध खेळायचे. त्यांच्यामुळे मला त्या खेळाचं वेड लागलं आणि माझ्यामुळे माझ्या नवऱ्याला. तो इथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. रविवारी दुपारी जेवणं झाली की तो मोबाइल टीव्हीला जोडतो आणि जुन्या जगज्जेत्यांच्या लढती लावतो. मग आमचा वाद सुरू होतो.

वाद नेहमी दोघांवरून. त्यांना आम्ही घरातली नावं ठेवली होती. एक हातोडा. समोरचा माणूस पहिल्या-दुसऱ्या फेरीतच आडवा करायचा. दुसरी भिंत. लांब हातांचा, सावध, कुणाला फारसं जवळ येऊ न देता वर्षानुवर्षं किताब राखून बसलेला.

"मोठा तो, जो टिकला," नवऱ्याचं म्हणणं. "तुझ्या हातोड्यासमोर होतं कोण? निम्मे तर रिंगमध्ये यायच्या आधीच घाबरलेले."

"घाबरवलं कुणी? त्यानंच ना? तुझ्या भिंतीची लढत बघताना मला झोप येते," मी म्हणायचे.

मागच्या पावसाळ्यातल्या एका रविवारी मी अशीच पेटले होते. आप्पा खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. वादात ते कधीच पडत नसत. मी माझा हुकमी पत्ता काढला. "आप्पांनाच बघ ना. पलटणीतली फायनल एका ठोशात संपवली होती त्यांनी. समोरचा असा पडला की उचलून न्यावा लागला. त्याला म्हणतात जेता!"

ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून सांगत आले होते. मैत्रिणींना, सासरी, ऑफिसात. माझ्या लग्नात वऱ्हाडी मंडळींनाही सांगितली होती. आप्पांनी ती मला कधी सांगितलीच नव्हती. आमचे एक चुलते सांगायचे, त्यांच्याकडून मी उचलली होती आणि दरवेळी थोडी रंगवली होती.

आप्पांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्याचा डावा कान गेला," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"ज्याची गोष्ट तू सांगतीस, त्याचा."

नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. आप्पा एरवी थोडंच बोलतात, पण त्या दिवशी त्यांनी सगळं सांगितलं. पडलेला माणूस त्यांचा दोस्त होता. लोहाऱ्याकडचा. भरती एकाच वेळची, बरॅकीत खाट शेजारी. लढतीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला होता की डावा कान ठणकतोय, पण डॉक्टरला सांगितलं तर खेळू देणार नाहीत.

"त्यानं इस्वासानं सांगितलं व्हतं. आन् म्या तितंच मारला."

"लढतीत काय ध्यानात राहतंय, मामा," नवरा म्हणाला. सासऱ्यांना तो मामा म्हणतो.

"ध्यानात व्हतं, पाव्हणं. तेच तर सांगतोय. म्हायती व्हतं म्हनूनच मारला."

मी ताटं उचलायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी नुसती उभी राहिले. जी गोष्ट मी मिरवत होते, ती ऐकताना या माणसाला काय होत असेल, हा विचार एकदाही माझ्या मनात आला नव्हता. माझ्या लग्नात ते मांडवातून उठून बाहेर गेले होते, ते मला तेव्हा आठवलं. पोरगी जाणार म्हणून डोळे भरले असतील, असं मी समजले होते.

आठवडाभरानं मीच म्हणाले, "आप्पा, आपण त्यांना भेटून येऊ." ते नाही म्हणाले. मग एक दिवस सकाळीच कपडे करून, टोपी घालून दारात उभे राहिले. जुन्या ओळखीतून त्यांनी गावाचा पत्ता काढला होता.

कळंबहून धाराशिव, तिथून लोहाऱ्याची एसटी आणि पुढं जीप. वाटेत आप्पांनी चहासुद्धा घेतला नाही.

आप्पांचे ते दोस्त, काका, घराबाहेर पत्र्याच्या सावलीत सोयाबीनची पोती शिवत बसले होते. अजूनही दारातून वाकून जावं लागेल असं शरीर. आप्पांना बघून आधी ओळख पटली नाही, मग पटली आणि दाभण हातात तसाच धरून ते उठले.

"आरं लेका, तू व्हय! म्हातारा झालास की!"

त्यांनी आप्पांना ओढून उजव्या बाजूला बसवलं. मी डाव्या बाजूनं "नमस्कार काका" म्हणाले, ते त्यांना कळलंच नाही. आप्पांनी ते बघितलं आणि मान खाली घातली.

काका मात्र खुशीत होते. मोठमोठ्यानं बोलत होते. तेही मोबाइलवर लढती बघायचे. मी वाद सांगितला तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "हातोडाच! पाडतो तो खरा. निसतं टिकून ऱ्हायला काय लागतंय? पोरी, तू बराबर हायेस."

मला तिथं बसवेना. आयुष्यात पहिल्यांदा त्या वादात कुणीतरी माझ्या बाजूनं बोलत होतं, आणि ते कोण होतं!

शेवटी आप्पांनी विषय काढलाच. "तुझा कान..."

"कान?" काका हसले. "त्यो गावी आल्यावर गेला. रानात थंडीवाऱ्यात पाण्याची दारं धरून. तू काय त्या ठोशाचं घिऊन बसलास व्हय इतकी वर्सं? येडाच हायेस."

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि काकांकडं न बघता आत गेल्या. चहा झाल्यावर मी रिकाम्या कपबश्या घेऊन मागं गेले. त्या चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"काकू, कान खरंच गावी आल्यावर गेला का?"

त्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. "आमचं लगीन झालं तवा ह्ये फौजेतनं सुट्टीवर आले व्हते. भटजी डाव्या अंगाला. उजवा कान तिकडं करायला ह्ये सारखं तोंड फिरवायले. मानसं हसायली, नवरदेव नवरीकडं बगतोय म्हनून." मग त्या म्हणाल्या, "तुमच्या वडलांना सांगू नका, बाई. लांबून आलेत."

मी नाही सांगितलं. परतीच्या एसटीत आप्पा खिडकीशी बसले होते. तुळजापूर मागं पडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "खोटं बोलला त्यो. दुसऱ्या दिशी त्याच्या उशीला रगत म्या सोता बगितलंय."

"मग तिथं का नाही बोललात?"

"त्यो माज्यासाठी खोटं बोलत व्हता. कसं म्हनू?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आन् खरं सांगू का, त्येवढा येळ मला बरं वाटलं. ह्येचीच लाज वाटायली."

ती लाज त्यांनी महिनाभर बाळगली. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गॅलरीत बसून त्यांनी काकांना फोन लावला. ते नेहमी स्पीकरवर बोलतात, त्यामुळे मला घरात सगळं ऐकू आलं. सोयाबीनच्या भावाची चौकशी झाली. मग आप्पा एकदम म्हणाले, "तू कान दुकतोय म्हनला व्हतास. म्या जानून मारला तितं."

मी हातातलं काम टाकून गॅलरीच्या दारापाशी गेले.

"म्हायती हाय," काका म्हणाले. त्यांचा तो मोठा आवाज खाली आला होता. "पडतानाच कळलं. लई वर्सं शिव्या दिल्या म्या तुला. बायकोला इचार. पोरांनी हाक मारलेली कळायची न्हाय, तवा तर लई. तू आलास त्या दिशी वाटलं, आता काय बोलायचं ह्येला. म्हनून थंडीचं सांगितलं."

"माफी..."

"त्ये ऱ्हाऊ दे. फोन करत जा."

आता आप्पा दर एक-दोन दिवसांनी फोन करतात. पाऊसपाणी, नातवंडं, कधी लढतीही. पण एखाद्या दिवशी काका फोन उचलत नाहीत. घंटी पूर्ण वाजून थांबते. आप्पा परत लावत नाहीत.

"कामात असतील," मी एकदा म्हणाले.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "त्या दिशी त्याला माजा राग आलेला असतोय. येऊ दे. हक हाय त्याचा."

मग ते फोन मांडीवर घेऊन गॅलरीतच बसून राहतात. अशा दिवशी मी त्यांना जेवायला बोलवायची घाई करत नाही. पानं वाढून ठेवते आणि मीही थांबते.