खरं आणि बरोबर

खोटं बोलून लोकांना छळणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण निव्वळ खरं बोलून एवढ्या लोकांना हैराण करणारा माणूस आमच्या भाऊजींखेरीज दुसरा पाहिला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अकोल्याच्या एका शाळेत विज्ञानाचे मास्तर. त्यातही त्यांचा सगळा जीव रसायनशास्त्रावर. ताईला पाहायला आले तेव्हा माझ्या वडिलांनी सरबताचा पेला त्यांच्यापुढे करून म्हटलं, "जरा हलवून घ्या, साखर वितळली नसंन." यावर भाऊजींनी पेला हातात घ्यायच्या आधी सांगितलं, "वितळत नाही, विरघळते. वितळायले तिले तवा लागते." वडिलांनी त्याच क्षणी ठरवलं की मुलगा विद्वान आहे, आणि ताईनं ठरवलं की तो सर्किट आहे. पुढे दोघांचाही अंदाज बरोबर निघाला.

भाऊजींना बाजारात नेणं हे आम्हा घरच्यांना संकट वाटे. एकदा एका दुकानावर 'बिना केमिकलचा गूळ' अशी पाटी दिसली, आणि ते थेट गल्ल्यापाशी जाऊन उभे राहिले. "गुळातलं केमिकल काढलं तं मंग ढेपीत राहिलं काय?" दुकानदार बिचारा शपथा घेऊन सांगू लागला की शेतकरी ओळखीचा आहे, माल शुद्ध आहे. भाऊजी त्याला समजावत होते की साखर केमिकल, पाणीही केमिकल, "तू सोता केमिकल, मी बी केमिकल." शेवटी मागच्या गिऱ्हाइकानं, "केमिकल, जरा बाजूले सरका," म्हटलं, तेव्हा आम्ही गुळाविना घरी आलो.

पण खरी लढाई शाळेत चाले. पाठ्यपुस्तक हे सोय म्हणून सांगितलेल्या थापांचं गाठोडं आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. पुस्तकात 'मिठाचा रेणू' आला की ते फळ्यावर लिहीत, 'मिठाला सुटा रेणू नसतो', आणि मिठाच्या खड्यात कण कसे एकाला लागून एक रचलेले असतात ते दाखवायला पोरांना मैदानात ओळीनं उभं करत. निष्क्रिय वायू कोणाशीच संयोग पावत नाहीत, हे वाक्य तर ते धड वाचूच शकत नसत. तिथे येऊन थांबत, चष्मा काढत आणि म्हणत, "पण..." या 'पण'नंतर तास संपायचा. पोरं खूश होती, पण परीक्षेत तोच 'पण' उत्तरपत्रिकेत उतरू लागला आणि तपासणारे त्यावर शून्य देऊ लागले. एका वर्षी निकाल इतका घसरला की पालक मुख्याध्यापकांच्या खोलीत जमले. मुख्याध्यापक स्वभावानं गरीब. ते हात जोडून म्हणाले, "सर, पोरांले खरं नका शिकवू. बरोबर शिकवा."

ताई सांगते, त्या दिवशी भाऊजी जेवले नाहीत. ते घाबरले नव्हते. ज्यांचे गुण गेले त्या पोरांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. आपल्या खरेपणाची किंमत दुसऱ्यांची लेकरं भरताहेत, हे त्यांना सोसेना. त्यानंतर ते पुस्तकाप्रमाणे शिकवू लागले. सूर्याभोवती जसे ग्रह, तसे केंद्रकाभोवती इलेक्ट्रॉन. गोल काढा, ठिपके मांडा, पुढे चला. निकाल सुधारला. शाळेनं शाल देऊन त्यांचा सत्कार केला. ती शाल ताईनंही कधी पांघरली नाही.

त्याच काळात दहावीत निलोफर नावाची मुलगी होती. तिच्या वडिलांचं गाद्यांचं दुकान होतं. एक दिवस तिनं हात वर केला. "सर, धन आन् ऋण एकमेकाले ओढते ना? मंग हा इलेक्ट्रॉन मधात जाऊन चिपकत काहून नाही?" हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून भाऊजी उभा जन्म थांबले होते. तो आला तेव्हा पोर्शन उरला होता, परीक्षा तोंडावर होती आणि मुख्याध्यापक वऱ्हांड्यातून फेरी मारत होते. भाऊजी म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. बस खाली." ती बसली. त्यानंतर तिनं पुन्हा हात वर केला नाही.

हे त्यांनी मला निवृत्त झाल्यावर सांगितलं, आणि नंतर दर भेटीत सांगत राहिले. म्हणून माझी मुलगी अमरावतीत ज्या शिकवणीला जाऊ लागली ती याच निलोफरची आहे हे कळल्यावर मी भाऊजींना फोन केला, तर ते पुढच्याच रविवारी हजर. मी त्यांना घेऊन गेलो.

"अरे सर! या ना, बसा ना," म्हणत ती लगबगीनं खुर्ची घेऊन आली. भाऊजी बसले नाहीत. "बेटा, तू मले एक सवाल इचारला व्हता," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "मी तुले गप्प बसवलं. माफ कर."

ती गोंधळून हसली. "मी इचारलं व्हतं? मले तं काहीच याद नाही, सर. उलट तुमचं ते ग्रहांचं चित्र मी आजबी तसंच काढते. पोट्ट्यांले एका झटक्यात समजते." चित्र तिच्या मागे फळ्यावर होतंच. भाऊजी त्याच्याकडे पाहत राहिले. माफी मागायला आलेल्या माणसाला, माफ करायला समोर कोणीच नाही, असं झालं होतं.

तिनंच मग आग्रह केला, "सर, पोरांशी दोन शब्द बोला." भाऊजींनी मार्कर हातात घेतला आणि निलोफरचा तो जुना प्रश्न फळ्यावर लिहिला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, हे परीक्षेत येते का?"

"नाही येत," भाऊजी म्हणाले. पेनांची टोपणं पटापट लागली. तरी ते बोलत राहिले. मुलं अदबीनं ऐकत होती. पुढची बॅच दाराशी जमली तेव्हा निलोफरनं हळूच घड्याळाकडे पाहिलं, आणि भाऊजींनी अर्ध्या वाक्यावर मार्कर ठेवला.

ते उरलेलं अर्धं वाक्य त्यांनी मला बस स्टँडवर ऐकवलं. "तो इलेक्ट्रॉन गोटीसारखा नाहीच ना मुळी. ढगासारखा पसरलेला असते. जितकं त्याले मधात दाबसान, तितका तो उसळते." मी बँकेतला माणूस, मला फारसं कळलं नाही, पण मी मान डोलावत राहिलो. अकोल्याची गाडी लागली, ते खिडकीशी बसले, गाडी हलली. खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला होता. निरोपाला असेल म्हणून मीही हात वर केला. मग लक्षात आलं, ते अजून समजावूनच सांगत होते.